आंबिलीचे मडके

माझ्या मोठ्या आतड्याचा वीतभर भाग आता माझ्याजवळ नाही. बत्तीस वर्षे मी तो फळ्यावर रंगीत खडूने काढत आलो. त्याचे काम पाणी शोषून घेणे, एवढेच मी मुलांना सांगत असे, कारण पाठ्यपुस्तकात तेवढेच होते. आतड्याला याहून अधिक काही सांगायचे असेल अशी शंका मला सेवाकाळात आली नाही. निवृत्तीनंतर आतड्यानेच ती आणून दिली.

मी विज्ञानाचा शिक्षक. गाव लोणी, आंबेगावच्या पूर्वेचे, बाजरीच्या भाकरीचे. पहिली नेमणूक जुन्नरच्या पश्चिमेला, घाटघरच्या बाजूच्या एका निवासी शाळेत झाली. तेथे अकरा वर्षे काढली. पुढे ओतूरला बदली झाली, तेथेच निवृत्त झालो आणि तेथेच घर बांधले. या वाटचालीत भाकरीची पोळी झाली आणि पोळीचा पाव झाला. सकाळी बेकरीतली खारी, दुपारी टोस्ट, रविवारी मटण. यालाच मी प्रगती समजत होतो. नाचणी-बाजरी हे गहू न मिळणाऱ्याचे अन्न, असे माझे मत होते, आणि ते मी कोणापासून लपवले नव्हते.

शौचातून रक्त जाऊ लागले तेव्हा निदान मीच केले : मूळव्याध. औषधही मीच ठरवले : हिरडा. घाटघरकडची माणसे उन्हाळ्यात रानातून हिरडा वेचून आणतात आणि जुन्नरच्या बाजारात विकतात. त्या बाजारात मला आमच्या जुन्या शाळेची स्वयंपाकीण भेटली. ती माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असावी. गोणपाटावर हिरड्याची रास घालून बसली होती.

“गुर्जी, यवढा हिरडा? दुकान टाकताय का काय?”

“पोटासाठी हवा आहे.”

“काय व्हतंय पोटाला?”

मी तिला सांगितले. पत्नीला सांगितले नव्हते. हिला का सांगितले, ते मला आजही ठाऊक नाही. तिने भरलेले माप परत राशीत ओतले.

“रगत जातंय आन हिरडा खाताय? ह्यानं पोट साफ व्हतं, गुर्जी, रगत न्हाई थांबत. डागतराला दावा.”

“बाई, तुम्ही हिरडा विकायला बसला आहात की सल्ला द्यायला?”

“हिरडाच इकायला बसले. पर तुमाला न्हाई इकायची.”

मी शेजारच्या बाईकडून घेतला. पुढचे नऊ महिने तो रोज सकाळी कोमट पाण्यातून घेतला. नियमितपणा हा माझा गुण आहे. विज्ञानाचा शिक्षक झाडाच्या फळावर विसंबून होता आणि फळ विकणारी निरक्षर बाई दवाखान्याचे नाव घेत होती, यातला विनोद मला पुण्यातल्या तपासणीच्या टेबलावर कुशीवर वळून पडलो असताना लक्षात आला.

गाठ होती. ती कर्करोगाची होती. पुण्यातल्या डॉक्टर वयाने माझ्या ओतूरच्या विद्यार्थिनींएवढ्या. मला काका म्हणत. शस्त्रक्रियेचा दिवस ठरवल्यावर त्यांनी वही उघडली.

“काका, रोज काय खाता?”

मी सांगितले. त्यांनी लिहून घेतले.

“आणि लहानपणी?”

“भाकरी. हुलगे. रानातली भाजी.”

“मग ते सोडलंत का?”

“परिस्थिती सुधारली.”

त्यांनी पेन खाली ठेवले. हसू आवरायला डॉक्टरांना शिकवत असावेत. त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी मला माझाच धडा शिकवला. आपल्या आतड्यात जेवढे जंतू राहतात तेवढी माणसे पृथ्वीवर नाहीत. धान्याची साल, कोंडा, चोथा, असे जे आपल्याला पचत नाही ते त्यांचे जेवण. ते खाऊन ते जी आम्ले तयार करतात त्यांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते. शरीराच्या संरक्षक पेशींचा मोठा फौजफाटा त्याच अस्तराला लागून असतो, आणि कोणावर धावून जायचे नि कोणाला सोडायचे, हे तो या जंतूंच्या संगतीत शिकतो. जंतूंना चोथा मिळाला नाही तर त्यांतले काही अस्तरावरचा बुळबुळीत थरच खाऊ लागतात. मग दाह होतो, आणि वर्षानुवर्षांचा दाह बरा नव्हे.

“म्हणजे मला हे खारीमुळे झाले.”

“असं मी म्हटलं नाही, काका. वय आहे, घराणं आहे, नशीब आहे. आहारही आहे. एका माणसाबाबत बोट ठेवून सांगता येत नाही.”

त्या चांगल्या शिक्षिका झाल्या असत्या. मला हवे असलेले सोपे उत्तर त्यांनी दिले नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. नंतर पोटात संसर्ग झाला. तो मोडायला जी प्रतिजैविके दिली त्यांनी शत्रू आणि मित्र असा भेद केला नाही. माझ्याच वर्गात शिकल्यासारखी ती वागली. संसर्ग गेला, त्याबरोबर बाकीची वस्तीही उठली. जुलाब सुरू झाले ते थांबेनात. घरी आलो तेव्हा वजन अठ्ठेचाळीस किलो भरले.

डॉक्टरांनी टाके पाहिले, वजन पाहिले आणि स्पष्ट सांगितले, “काका, केमो वेळेत सुरू व्हायला हवी. पण या वजनावर आणि अशा जुलाबांत मी ती देऊ शकत नाही. आपल्याकडे तीन आठवडे आहेत. पोट थाऱ्यावर आलं पाहिजे, वजन वाढलं पाहिजे.”

“आणि नाही वाढले तर?”

“वाढवू या.”

हे उत्तर नव्हते, पण मला समजले.

आमच्याकडे आजारी माणसाला रिकाम्या हाताने भेटायला जात नाहीत. सारे ओतूर येऊन गेले आणि प्रत्येक जण बिस्किटांचा पुडा ठेवून गेला. पत्नीने पुड्यांसाठी कपाटातला एक कप्पा रिकामा केला, नंतर दुसरा. शेजारी रोज सायंकाळी येऊन बसे.

“खावा की राव एखादं! दातालाबी काम न्हाई.”

“मैदा आहे तो.”

“मैदा हाय म्हणूनच म्हंतो! आजाऱ्याला हलकंच पायजे. का भाकर देताय, दगडावानी?”

“डॉक्टर नको म्हणाल्या आहेत.”

“डागतर काय म्हंत्यात, कशानं झालं?”

“नक्की सांगता येत नाही म्हणतात.”

“मला इचारा. ही फवारणी, राव! समदी फवारणी!”

ज्याने स्वतःच्या टोमॅटोला त्या आठवड्यात तीनदा औषध मारले होते, तो तळमळून हे सांगत होता. दुसऱ्याने मोबाईलच्या टॉवरला दोष दिला, तिसऱ्याने धरणाच्या पाण्याला. खारीचे नाव कोणी घेतले नाही. चहाबरोबर सगळे तीच खात होते.

पहिला आठवडा गेला. वजन अर्ध्या किलोने उतरले.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी घाटघरची ती स्वयंपाकीण आली; बाजारात माझी बातमी तिच्या कानावर गेली होती. पहाटेच्या एसटीने निघून, जुन्नरला गाडी बदलून. बिस्किटे आणली नव्हती. मांडीवर काळे मडके होते, तोंडाला फडके बांधलेले. ती पायरीवरच बसली.

“लई वाळलात, गुर्जी.”

“मडक्यात काय आहे?”

“तुमी फोडलं व्हतं, त्येच.”

येथे मागचे सांगणे आवश्यक आहे. घाटघरच्या त्या शाळेत रुजू झालो त्या वर्षी मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असेच एक मडके सापडले. आंबट वास, वर बुडबुडे. चौकशी केली तेव्हा कळले की त्यात नाचणीचे पीठ रात्रभर आंबवतात आणि सकाळी शिजवून त्याची आंबील मुलांना देतात. मडके कधीच धूत नाहीत. तळाशी चार बोटे आंबवण ठेवायचे, त्यावर नवे पीठ कालवायचे. किती वर्षांपासून, ते कोणालाच ठाऊक नव्हते. शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता. मी मडक्यातला थेंब काचेवर घेतला आणि सगळ्या मुलांना रांगेने त्यातले जंतू दाखवले. नंतर मडके शाळेमागे नेऊन फोडले, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाल रंगाने लिहिले : “जंतू हे आपले शत्रू. प्रत्येक भांडे उकळत्या पाण्याने धुवावे.” खाली सही केली. स्वयंपाकीण दारात उभी होती. काही बोलली नाही. तिला पटले, असे मी धरून चाललो.

पुढचा पंधरवडा मुलांची पोटे बिघडली. मडक्याचा शिल्लक परिणाम, अशी मी नोंद केली. त्यानंतर तक्रारी थांबल्या. त्याचे कारण मी वार्षिक अहवालात एका शब्दात दिले : स्वच्छता.

“ते मडके फुटले,” मी म्हणालो.

“मडकं फुटलं. इरजण कुटं फुटलं? तुमी त्या नळीला डोळा लावून बसलावता, तवाच वाटीभर काढलं म्या. घरी नेलं.”

“आणि मुले?”

“पंधरा दिस भ्याले तुमाला. न्हाई दिलं कायबी. पोरं हगून हगून हैराण. मंग म्हटलं, गुर्जी नवं हायती, त्यास्नी काय कळतंय. घरीच आंबवायची, घरीच शिजवायची आन डेचकीत घालून आणायची.”

“अकरा वर्षे?”

“तुमी व्हतात तवर. आन तुमाला न्हाई का दिली? सकाळची पेज म्हणून काय पीत व्हतात? दोन-दोन वाट्या वढायचात. ताज्या पिठाची पेज कदी आंबट लागती का, गुर्जी?”

त्या पेजेचा आंबटपणा मी तिथल्या पाण्याला लावला होता. पाण्यातल्या क्षारांवर एक टिपणही केले होते. त्या अकरा वर्षांत मी पोटासाठी एक दिवसही रजा घेतली नाही. सेवापुस्तकात तसे दिसते. त्याचे श्रेय मी उकळत्या पाण्याला दिले होते आणि इतर शिक्षकांपुढे त्यावर भाषणही केले होते.

 तिने उत्तराची वाट पाहिली नाही. उठून ती स्वयंपाकघरात गेली आणि पत्नीला समजावू लागली : पीठ किती, पाणी किती, तळाशी आंबवण किती ठेवायचे. पत्नी बाहेर आली ती पदर नाकाला लावून.

“अहो, चाळीस वर्षं माझ्याकडून ताटं तीनतीनदा धुऊन घेतलीत. आणि आता हे घरात ठेवू?”

“ठेव.”

“न धुता?”

“न धुता.”

 आजार डोक्यात गेला काय, असे तिला वाटले असावे.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. पातळ, पुरेशी शिजवलेली, गाळलेली, अर्धी वाटी; त्रास वाढला तर त्याच दिवशी बंद.

“शिजवल्यावर तिच्यातले जंतू मरतील,” मी म्हणालो.

“मरतील, आणि तुमच्या आत्ताच्या तब्येतीला तेच बरं. जिवंत काही नको. पण आत जे थोडे उरलेत, त्यांना जेवायला मिळेल.”

“उपयोग होईल?”

“पाहू, काका.”

चमत्कार झाला नाही. पहिल्या दिवशी अर्धी वाटी पोटात राहिली, एवढेच. चौथ्या दिवशी सकाळ-सायंकाळ एकेक वाटी. जुलाब आठावरून पाचावर आले, पाचावरून दोनावर. मी कागदावर रकाने आखून नोंद ठेवत होतो; पत्नीने तो कागद पाहुण्यांपुढून तीनदा उचलला. तीन आठवडे संपले त्या सकाळी काटा एक्कावन्नावर थांबला. डॉक्टरांनी मला काट्यावरून उतरायला लावले, पुन्हा चढायला सांगितले आणि म्हणाल्या, “सोमवारी या.”

“आंबिलीमुळे?”

“आंबिलीमुळे, अँटिबायोटिक्स बंद झाल्यामुळे, की काकूंमुळे, ते मला सांगता येणार नाही. तुम्ही विज्ञान शिकवलंय ना?”

शिकवले होते. म्हणून गप्प बसलो.

केमो सहा महिने चालली. तोंड सोलवटले, बोटांना मुंग्या आल्या, अन्नाचा वास नकोसा झाला. ते औषध बाकी सगळे घेऊन गेले. आंबील तेवढी घशाखाली उतरत राहिली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या की डॉक्टरांच्या सांगण्यावरून मडके मागच्या पडवीत जाई आणि मला त्याला हात लावायची मनाई होई. पत्नी ते सांभाळी. पदर नाकाला लावणे तिने केव्हा सोडले, ते माझ्या लक्षात आले नाही.

शेवटचा डोस होऊन आठवडा झाला होता. पुढची मोठी तपासणी दहा दिवसांवर होती. गाठ परत आली आहे की नाही, ते तीत कळणार होते. तेव्हा घाटघरहून फोन आला.

“गुर्जी, मडकं हाय का अजून?”

“आहे.”

“धुतलं न्हाई ना?”

“नाही.”



“आमच्याकडचं गेलं. मी लेकीकडं बारा दिस ऱ्हायले. हिकडं सुनंनं मडकं घासलं. साबण लावून, कडत पाणी वतून, उनात पालथं घातलं. लखलखीत केलंय बगा. वाटीभरबी ठिवलं न्हाई.”

“तिला सांगून गेला नव्हता?”

“काय सांगायचं? तुमच्याच शाळंतली पोर हाय ती. भितीवर लिवलं व्हतं तुमी. अजून पाठ हाय तिला.”

“उद्या येतो,” मी म्हणालो.

पत्नीचा विरोध होता. पोटावर व्रण, अंगात ताकद नाही, कोणाच्या हाती पाठवा. मी ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी निघताना ती कपाटाशी गेली. बिस्किटांचे पुडे अजून उरले होते.

“आपल्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. चार पुडे द्या बरोबर, नातवंडं आहेत तिला.”

“मडके रिकामे नाही,” मी म्हणालो.

तळाशी चार बोटे आंबवण होते.

जुन्नरहून घाटघरची एसटी भरलेली होती. मडके मांडीवर घेऊन बसलो. वळणावर फडक्यातून वास सुटला. शेजारचा म्हातारा दोनदा नाक वर करून माझ्याकडे पाहू लागला. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

“बाबा, मडक्यात काय हाय?”

“आंबील.”

“आंबील? का दुसरं काय?” मागचे हसले. “या वयात कशाला वाहताय, बाबा? तिकडं गेल्यावर मिळंल की ताजी!”

शेजारचा म्हातारा माझ्या कानाशी आला. “पावणं, घोटभर हाय का?”

बत्तीस वर्षे ज्याने व्यसनमुक्तीचे निबंध तपासले, त्याने घाटघरपर्यंतचा रस्ता असा केला. खुलासा केला नाही. खुलाशावर कोणी विश्वास ठेवला नसता, आणि मडके दोन्ही हातांनी धरावे लागत होते.

बाई दारात बसली होती. मडके घेतले, फडके सोडले, आत बोट घालून चाखले.

“जित्तं हाय,” ती म्हणाली.

सून बाहेर आली आणि पाया पडली. चाळिशी ओलांडली आहे. चेहरा ओळखला नाही. खाली मान घालून, हात मागे बांधून उभे राहण्याची रीत ओळखली. ती मीच लावलेली होती. तिने चहा आणला. बशीत बिस्किटे होती.

“नाचणीला तोंड लावत न्हाईत नातवंडं,” बाई म्हणाली. “साळंत डब्यात नेली तर पोरं हसत्यात म्हंत्यात. हेच मागत्यात सारखं.”

मी बिस्किट चहात बुडवून खाल्ले. त्या घरी ते नाकारण्याचा अधिकार मला नव्हता.

“तुमचं कसं?”

“तपासणी आहे. नऊ दिवसांनी.”

“मंग खंड नको.” तिने आंबवणाचे दोन वाटे केले. एक तिच्या मडक्यात राहिला. दुसऱ्यासाठी माझा जेवणाचा डबा मागितला. सुनेने तो मध्येच घेतला.

“थांबा गुरुजी, कडत पाण्यानं धुऊन देते.”

“डबा धू,” मी म्हणालो. “मडके धुऊ नकोस. आजही नाही, पुढेही नाही.”

तिने वर पाहिले. मग सासूकडे पाहिले. परीक्षेत शिकवले त्याच्या उलट विचारावे, तसा तो चेहरा होता.

“तोंडानं सांगून व्हायचं न्हाई, गुर्जी,” बाई म्हणाली. “म्या वीस साल सांगती. लिवल्याबिगर तिला पटत न्हाई. लिवा.”

तिने चुलीतला कोळसा आणून दिला. मी उठलो. चुलीच्या वरच्या भिंतीवर, मडके ठेवतात त्या कोपऱ्यात, वळणदार अक्षरांत लिहिले : “हे मडके धुऊ नये.” 

“काय लिवलं?”

मी वाचून दाखवले.

“आन सही?”

“सही कशाला?”

“मागल्या येळंला केली व्हती.”

मी सही केली.